वाफ धरलेला डोळा

मी एक जुना कॅमेरा आहे. जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या एका पिवळ्या घराच्या दारावर मी बसवलेला आहे. मित्रांनो, तुम्हाला झोप येते, डोळे मिटता येतात. मला पापणीच नाही. ऊन असो, अंधार असो, मी बघतच असतो, आणि सतत बघणाऱ्याच्या जिवाला स्वस्थता कशी ती नसते. गल्लीतून कुत्रं गेलं तरी मी दचकतो. दोरीवरचा टॉवेल वाऱ्याने हलला तरी दचकतो. माझी कहाणीही मी अशीच दचकत, घाईघाईने सांगणार आहे. सांभाळून घ्या.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पांढरं अंग, पुढे गोल काच, काचेभोवती काळी रबरी कडी. पोटात एक लहानशी पुडी. नव्या बुटांच्या खोक्यात 'खाऊ नका' असं लिहिलेली पुडी असते ना, तीच. आत शिरलेली ओल पिऊन टाकणं एवढंच तिचं काम. आणखी एक रबरी बूच होतं. माझी तार पाठीतून निघते, त्या भोकाला ते घट्ट बसवायचं असतं. एवढा सगळा जामानिमा माझ्या काचेवर आतून पाणी धरू नये म्हणून. तेव्हा मला हसू यायचं. मी कॅमेरा आहे की नवजात बाळ, असं वाटायचं.

मग मी जबलपुरातच, घमापूर भागातल्या एका दुकानात आलो. दुकान गुणवंतभाऊंचं. कॅमेरे विकायचे, बसवायचे, बिघडले की शिडी घेऊन धावायचं, हा त्यांचा धंदा. माणूस मनाने चांगला, पण घाई फार. एक पाय शिडीवर आणि दुसरा पुढच्या गिऱ्हाइकाच्या घरी. त्यांनीच मला या पिवळ्या घरात आणलं.

मी अजून खोक्यात होतो, पण कान उघडे होते. टेबलावरच्या फोनमधून एक आवाज येत होता.

"विनता, मी सांगतो ते ऐक. फाटकाला कुलूप लाव आणि मोकळी हो. बाबा एक दिवस कुठे जातील, पत्ताही लागणार नाही."

तो आवाज शरच्चंद्रचा. घरचा मुलगा, नोकरीसाठी पुण्यात राहतो. त्याच्याशी बोलत होत्या त्या विनताताई, त्याची बहीण. वडिलांना सांभाळायला त्याच घरी राहिल्या आहेत.

"शरद, बाबांना मी कोंडून नाही ठेवणार," त्या म्हणाल्या. "ते काही गाय-म्हैस नाहीत. कॅमेरा लावून राहिलो ना आपण? बाबा फाटकाबाहेर पडले की माझ्या फोनवर घंटी वाजेल. मी धावत जाईन."

"आणि कॅमेरा बिघडला तर?"

"तर मग लाव तुझं कुलूप."

मी खोक्यातल्या खोक्यात ताठ झालो. म्हणजे या घरात एक तर मी राहणार होतो, नाही तर कुलूप.

गुणवंतभाऊ शिडीवर चढले. दाराशेजारी भिंतीला आरपार भोक पाडलं, आतल्या खोलीतून तार ओढली. पण तारेचं टोक जाड, ते रबरी बुचातून काही जाईना. दोनदा खटपट केली आणि त्यांनी बूच खिशात टाकलं. "याची काही गरज नाही, दीदी. एकदम फिट झाला!" असं म्हणून खाली उतरलेसुद्धा. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, ते माझं आहे! पण माझं कोण ऐकतो?

आता भय्यासाहेबांची ओळख करून देतो. विनताताईंचे वडील. मूळचे अमरावतीकडचे, जन्म गेला जबलपुरात. शहराच्या टोकाला, रिछाईच्या एका लहान कारखान्यात त्यांनी लेथवर काम केलं. हाताला अशी सफाई, की बिघडलेलं यंत्र त्यांच्याकडे द्यावं आणि निश्चिंत व्हावं. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती. मग हळूहळू त्यांचं मन मागे मागे सरकू लागलं. माणसं विसरली, जेवण झालं की नाही हे विसरलं. विसरला नाही तो एक भोंगा. सकाळी दूरच्या कुठल्याशा कारखान्याचा भोंगा वाजला, की तो त्यांना आपलाच वाटे. टोपी घालायची, हाती लागेल तो डबा घ्यायचा, आणि निघायचं ड्यूटीला.

पहिल्याच सकाळी मी त्यांना पकडलं. भोंगा झाला, दार उघडलं, खालून टोपी सरकली, फाटक करकरलं. मी लगेच घंटी वाजवली. विनताताई कणकेच्या हातांनी धावत आल्या.

"बाबा, कुठे चालले? आज सुट्टी आहे."

"काहून? कशाची सुट्टी?"

"साहेबांच्या मुलीचं लग्न आहे."

"अच्छा," भय्यासाहेब खूश होऊन म्हणाले, "चलो, मग चहा टाक."

त्यानंतर रोज नवी सुट्टी. कधी साहेबांची बदली, कधी बिजली गुल, कधी कुणाच्या तरी घरी बारसं. विनताताईंची कल्पना कधी आटली नाही. त्या पुण्याला फोन करून सांगत, "शरद, हा कॅमेरा नाही, घरातला एक माणूस आहे." हे ऐकून माझी छाती फुगली. असे दोन हिवाळे गेले. इतकं कौतुक पुन्हा वाट्याला येणार नाही, हे तेव्हा मला कुठे माहीत होतं!

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी विनताताईंनी डबे सुरू केले. कॉलेजची मुलं, दवाखान्यातल्या नर्सबाई, असे पुष्कळ जण. मागचं स्वयंपाकघर पुरेना, म्हणून मोठी शेगडी पुढच्या खोलीत आली. तीच खोली, जिच्या भिंतीच्या अंगावर बाहेरून मी बसलो आहे. उजाडायच्या आधी आत भाताची पातेली चढत, वरण उकळे, काचा बंद, दार बंद, कारण बाहेर पौषातली थंडी बोचत असे. खोलीभर वाफच वाफ.

आणि ती वाफ वाट शोधत शोधत भिंतीतल्या भोकातून, तारेच्या कडेकडेने, माझ्या पाठीतून आत शिरली.

तुम्ही गरम चहावर बशी झाकून मग ती उलटी करून पाहिली आहे का? थेंबच थेंब दिसतात. माझं तसंच झालं. पाठ उबदार, पोटात वाफ, आणि पुढची काच गारठलेली. वाफ काचेला लागली आणि तिचं पाणी झालं. मी बघायला गेलो तर समोर पांढरं. फाटक गेलं, गल्ली गेली, जग गेलं. दुपारी ऊन चढलं की काच निवळे. सकाळी भोंग्याच्या वेळेला मात्र हटकून आंधळा! इतर दिवसभर मला चांगलं दिसून काय उपयोग होता?

मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. रोज भोंगा जवळ आला की मी कावराबावरा होई. पांढऱ्या धुरकटात काही हललं की मी घंटी वाजवी, मग ती मांजर निघे. कधी भय्यासाहेबच असत, आणि मला कळतच नसे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा पेपरवाल्याने त्यांना कोपऱ्यावरून परत आणलं. विनताताईंनी फोनवरचं चित्र पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

गुणवंतभाऊ आले. मला खालून निरखून म्हणाले, "दव पडून राहिलं ना दीदी रात्रभर, तेच आत चाललंय. टेन्शन नका घेऊ." त्यांनी काचेच्या कडेने पांढरा चिकट मसाला भरला. माझ्या पोटाखाली एक बारीकसं छिद्र आहे, आत साचलेलं पाणी निथळून जावं म्हणून ठेवलेलं. तेही बुजवलं. वरून प्लॅस्टिकच्या पन्नीची टोपी घातली, दोरीने गळ्याशी बांधली. एखाद्या पोराला सर्दी झाली म्हणून कानटोपी घालावी तसा माझा अवतार झाला.

पण पाणी बाहेरून येतच नव्हतं! पाठीकडून येत होतं, घरातून येत होतं. आता तर त्याची बाहेर जायची वाटही बंद झाली. पूर्वी दुपारी तरी काच निवळायची, आता माझ्या पोटात डबकं साचलं. मी आतल्या आत ओरडत होतो, पाठीकडे बघा, पाठीकडे बघा! पण तोंड पुढे असलेल्याची पाठ कोण बघतो?

मग गुणवंतभाऊंनी मला काढून तांदळाच्या डब्यात पुरलं. पाण्यात पडलेल्या मोबाईलला म्हणे याने बरं वाटतं. मी रात्रभर तांदळात, आणि फाटकावर कोणी नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागलेला. परत बसवला तेव्हा एक दिवस चांगलं दिसलं. दुसऱ्या सकाळी भात चढला, आणि पुन्हा पांढरं.

माझं चित्र शरच्चंद्रच्या फोनवरही दिसे. पुण्याहून फोन आला, तो ओरडतच. "विनता, हे काय चित्र आहे? दूध सांडल्यासारखं! तू बघतेस तरी काय दिवसभर?"

"मी काय करू शरद? माणूस येऊन राहिला ना दुरुस्तीला."

"तू डबे करत बस. बाबा गेले की कळेल."

विनताताईंनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ त्या पायरीवर बसून राहिल्या. मला त्या दिसत नव्हत्या, पण त्यांचं नाक ओढणं ऐकू येत होतं. मला फार वाईट वाटलं. रागही आला, स्वतःचाच.

आणि ती सकाळ आली. त्या दिवशी गल्लीतही धुकं होतं, माझ्या काचेवरही. भोंगा झाला. फाटक करकरलं, ते मी ऐकलं. एक राखाडी धब्बा हलला आणि विरघळला. तो माणूस होता की धूर, मला ठरवता आलं नाही. मी घंटी वाजवली नाही. आत विनताताई भाताचं पाणी काढत होत्या.

त्या चहा घेऊन खोलीत गेल्या, तेव्हा पलंग रिकामा. मग जी धावपळ झाली, ती मी सगळी ऐकली आणि काहीच पाहिली नाही. "बाबा! बाबा!" हा आवाज गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला गेला. शेजारी बाहेर आले, स्कूटर सुरू झाल्या. शेगडीवरचा भात करपला. जेवणाची वेळ टळून गेली. मी तिथेच, खिळ्याला, पांढऱ्या अंधारात.

फोन वाजला तो रिछाईहून. एका कारखान्याच्या चौकीदाराचा. भय्यासाहेब ऑटोत बसून थेट तिकडे गेले होते. बोलण्यात रुबाब असा, की ऑटोवाल्याला शंकाही आली नाही. त्यांच्या हातात विनताताईंच्याच डब्यांपैकी एक डबा होता आणि झाकणावर नंबर चिकटवलेला. चौकीदाराने तो फिरवला म्हणून बरं. संध्याकाळी त्यांना आणलं तेव्हा अंगात स्वेटर नव्हता, एका पायात चप्पल नव्हती, आणि दातावर दात आपटत होते. तापाने ते कितीतरी दिवस अंथरुणाला खिळले.

"आता कुलूप," पुण्याहून शरच्चंद्र म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही. विनताताईंनीही वाद घातला नाही. शब्द दिला होता त्यांनी.

फाटकाला पितळी कुलूप लागलं. त्या आठवड्यात डबे बंद होते, आत वाफ नव्हती, त्यामुळे हे सगळं मला कसं अगदी स्पष्ट दिसलं. न दिसतं तर बरं झालं असतं.

ताप उतरल्यावर भय्यासाहेब टोपी घालून फाटकाशी आले. फाटक ओढलं. उघडेना. त्यांनी कुलूप हातात घेऊन फिरवून पाहिलं. मला वाटलं, आता चिडतील, आदळआपट करतील. ते चिडले नाहीत. आत गेले आणि तेलाची बुधली घेऊन आले.

"विनता," त्यांनी हाक मारली, "फाटक जाम झालं. थांब, मी करून देतो."

कुलूप आपल्याला अडवायला लावलं आहे, हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं आहे. त्यांनी कुलपाला तेल घातलं, फडक्याने पुसलं, स्क्रू फिरवायचा पेचकस घालून पाहिला, कानाशी नेऊन ऐकलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या सकाळी पुन्हा. "होऊन राहिलं, होऊन राहिलं, थोडंसंच अडकलं आहे," असं ते कुलपाला समजावत. विनताताई दारात उभ्या राहून बघत आणि तोंडाला ओढणी लावून आत पळत.

एवढ्यात शरच्चंद्रने सांगितलं, की तो निकामी कॅमेरा काढून टाका. गुणवंतभाऊ शिडी घेऊन आले. डब्यांना त्याच दिवसापासून पुन्हा सुरुवात झाली होती. विनताताई पुढच्या खोलीत ठेच्यासाठी हिरव्या मिरच्या तव्यावर भाजत होत्या. दार-खिडक्या बंद, थंडी होतीच.

गुणवंतभाऊंनी माझे स्क्रू सैल केले, मला भिंतीपासून सुटं केलं, आणि आत काय आहे ते पाहायला माझ्या पाठीशी तोंड नेलं. त्याबरोबर भिंतीच्या भोकातून मिरच्यांच्या धुराची खाट त्यांच्या थेट नाकात गेली. अहो, असा ठसका लागला, की शिडी हलली! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

"दीदी!" ते खोकत खोकत ओरडले. "दीदी, मिरच्या काहून जाळून राहिल्या?"

विनताताई बाहेर आल्या. "मी आत भाजून राहिले. तुम्हाला बाहेर कसा ठसका लागला?"

 मग विनताताईंनी भोकाकडे पाहिलं. त्या आत गेल्या आणि आतून भोकाशी फुंकर मारली. गुणवंतभाऊंच्या गालाला ती लागली.

"गुणवंतभैया," भिंतीच्या आतून आवाज आला, "माझ्या भाताची वाफ जाऊन राहिली कॅमेऱ्यात."

गुणवंतभाऊ शिडीवरच खाली मान घालून बसले. "याच्या बुचाची काही गरज नाही म्हटलं होतं मी," ते पुटपुटले. आणि मग हसत सुटले, ठसक्याच्या पाण्यासकट. विनताताईही हसल्या. कितीतरी दिवसांनी मी ते हसू ऐकलं.

मग त्यांनी जे केलं, ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मला उघडून उन्हात वाळवलं. पोटात नवी पुडी ठेवली. तारेचं टोक कापलं, बुचातून ओवलं, पुन्हा जोडलं, आणि बूच घट्ट बसवलं. भिंतीतलं भोक दोन्ही बाजूंनी बुजवलं. तार खाली झोळ देऊन सोडली, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून घरंगळत माझ्यात न येता झोळाच्या टोकाशी गळून जाईल. पोटाखालचं छिद्र मोकळं केलं. पन्नीची टोपी काढून फेकली. शेगडीवरची खिडकी विनताताईंनी थोडी उघडी ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्या सकाळी आत दोन पातेली भात, वरण, सगळं उकळत होतं, आणि माझी काच कोरडी ठणठणीत. फाटकावर बसलेल्या चिमणीची चोचसुद्धा मला दिसत होती.

विनताताईंनी स्वतः कुलूप काढलं आणि पुण्याला फोन लावला.

"कुलूप काढलं मी. रागावू नको. उद्या भोंग्याच्या वेळी तू तुझ्या फोनवर बघ. मग बोल."

मित्रांनो, त्या सकाळी माझी जी तगमग झाली, ती मी सांगू शकत नाही. आत वाफेचा कल्लोळ, बाहेर थंडी, आणि पुण्यात एक माणूस माझ्या डोळ्याने बघायला बसलेला. धुरकट झालो असतो तर कुलूप कायमचं.

भोंगा झाला. दार उघडलं. भय्यासाहेब टोपी घालून, डबा घेऊन आले. फाटकाशी थांबले. दुसऱ्या हातात तेलाची बुधली होती. कुलूप शोधलं, ते नव्हतं. फाटक ढकललं, ते उघडलं. त्यांचा चेहरा असा उजळला, जसा दुरुस्त झालेल्या यंत्रापाशी उभ्या माणसाचा उजळतो. "झालं," ते म्हणाले. आणि एक पाऊल बाहेर टाकलं.

मी घंटी वाजवली. आत वाजली, पुण्यातही वाजली. विनताताईंच्या हातात उकळतं पातेलं होतं, ते खाली ठेवायला त्यांना वेळ लागला. माझ्या पोटात एक बारीक कर्णाही आहे. फोनवरचं एक बटण दाबून बोललं की आवाज माझ्यातून निघतो. ते बटण आजवर कोणी दाबलं नव्हतं.

"बाबा!"

शरच्चंद्रचा आवाज माझ्यातून निघाला. भय्यासाहेब थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग मान वर केली. थेट माझ्या काचेत. मी इतक्या जवळून, इतकं स्वच्छ त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वाढलेली दाढी, खोल गेलेले डोळे.

"कोण? शरद?" त्यांच्या कपाळाला आठी पडली. "वर काहून चढला रे? उतर खाली. पडशील."

  भय्यासाहेबांनी डबा खाली ठेवला, बुधली खाली ठेवली. फाटकातून परत आत आले, माझ्या खाली उभे राहिले, आणि दोन्ही हात वर पसरले. पोराला झेलायला पसरतात तसे.

"ये," ते म्हणाले. "मी धरतो."

"येतो, बाबा," माझ्यातून शरच्चंद्र म्हणाला. "येतो मी."

तो पुढच्याच गाडीने आला. कुलपाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. काचेवर चरे पडले आहेत, केव्हा काढून टाकतील सांगता येत नाही, आणि ती धास्ती मला सुखाने राहू देत नाही. तुमच्या दारावर माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याचं बूच बसवलं आहे का, हे एकदा बघा. त्याची काच पांढरी झाली तर नुसती पुढून पुसू नका आणि त्याला बोलू नका. ओल कुठून येते, ते पाठीकडे जाऊन शोधा. आणि तुमच्या घरात कोणी भय्यासाहेब असतील, तर त्यांच्याकडे नुसतं फोनमधून बघू नका. जवळ जाऊन बघा. माझ्यासारख्याला ते कधीच करता येत नाही, तुम्हाला येतं.